दोन्ही चाकांची झीज

सर्व्हेअरने झिजलेला ब्रेक पॅड दोन बोटांत धरून उन्हाकडे नेला आणि एक डोळा मिटून त्याची कड पाहिली. लोखंडी पाठ शाबूत होती. तिच्यावर जो जाड थर असायला हवा होता, तो पोस्टकार्डाइतका पातळ उरला होता.

"हे उन्हाळ्याच्या आधीच नवे टाकले होते ना?"

"टाकले होते." त्याचा मेहुणा चाकाच्या पोकळीतून डोकं न काढताच बोलत होता. "पण कॅलिपर जाम झालाय, दाजी. पिस्टन मागे सरकत नाही. आपण पाय काढला तरी हा चिमटा काही चकतीला सोडत नाही. मग पॅड झिजणार नाही तर काय होणार? नवीन कॅलिपर टाकू आणि मोकळे होऊ."

घरामागच्या आवारात गाडी पुढून उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली होती. उजवं चाक भिंतीला टेकवलं होतं. मेहुणा बसच्या वर्कशॉपात होता. सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्याच्या खिशात पाना असायचा, असं त्याची ताई, म्हणजे सर्व्हेअरची बायको, म्हणायची. गाडीची किरकोळ कामं तोच घरी येऊन करायचा.

सर्व्हेअरने पॅड फडक्यावर ठेवला. 'मोकळे होऊ' हे शब्द त्याला खटकले.

विमा कंपनीसाठी नुकसानीचे दावे तपासण्यात त्याची उभी हयात गेली होती. जळालेल्या गोदामात उभं राहून, आग आधी लागली की माल आधी हलला, हे तो राखेवरून सांगायचा. नातेवाईक पाठीमागे त्याला शंकासुर म्हणत आणि ते त्याला ठाऊकही होतं. त्याच्या धंद्यात एक गोष्ट त्याने पुन्हा पुन्हा पाहिली होती. ज्याला मोडका भाग बदलून टाकायची घाई असते, त्याला तो भाग कुणी निरखून बघावा असं वाटत नसतं.

"दुसरं चाक काढ," तो म्हणाला.

"ते कशाला? आवाज याच बाजूने येतोय."

"काढ तर खरं."

मेहुण्याने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग पाना उचलला आणि गाडीला वळसा घालून पलीकडे गेला. नट एकेक करून सुटले. सर्व्हेअर शेजारी उकिडवा बसून राहिला. डावीकडचे पॅड हातात आले तेव्हा त्याने ते उजवीकडच्या पॅडांना चिकटवून पाहिले. सख्ख्या जुळ्यांसारखे होते. चकतीवरही तोच निळसर डाग होता, लोखंड पुन्हा पुन्हा तापल्यावर पडतो तसा.

"हा कॅलिपरही जाम आहे?"

मेहुण्याने अंगठ्याने दाबून पाहिलं. पिस्टन गुमान आत सरकला. "नाही," तो म्हणाला. "हा चांगला आहे."

"मग दोन्ही सारखे कसे झिजले?"

"असतं असं कधीकधी."

"एक जाम असेल तर एकच झिजेल. दोन्ही झिजले म्हणजे कुणीतरी ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतंय. तीही उतारावर." सर्व्हेअरचा आवाज मऊ झाला होता. दावेदारांशी बोलताना तो असाच मऊ व्हायचा. "मी ऑफिसला जातो तो रस्ता ताटासारखा सपाट आहे. महिन्यातले निम्मे दिवस मी ऑफिसच्या जीपने बाहेरगावी असतो. तेव्हा ही गाडी इथे उभी असते. असते ना?"

मेहुणा फडक्याने हात पुसू लागला. हात स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला.

"मला काय विचारता? गाडी तुमच्या दारात असते."

सर्व्हेअरने मान हलवली. कुठेतरी पाणी मुरत होतं. वर्कशॉपातून सुटल्यावर हा गडी कुणाला गाडी शिकवत असेल, वर टेकडीवर नेत असेल. भाड्यानेही देत असेल. चावी दाराजवळच्या खिळ्याला असते. म्हणजे घरातून ती कुणीतरी काढून देतं.  बायकोला माहीत असणार. बहीणभावाचं आपसात काय चालतं ते त्याला कधी कळलं नव्हतं, त्याने कधी विचारलंही नव्हतं. साऱ्या जगाचे मीटर तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीचा मीटर मात्र बाहेरगावाहून आल्यावर एकदाही वाचला नव्हता.

"नवीन नको," तो म्हणाला. "हाच दुरुस्त कर."

"दाजी, पिस्टनला गंज चढलाय. हे बघा, अंगावर देवी आल्यासारखे खळगे आहेत. नवीन सील घातलं तरी किती दिवस धरेल ते सांगता येत नाही."

"पॅड नवे टाक, पण कॅलिपर हाच राहू दे. माझ्यासमोर खोल, साफ कर, सील बदल. जुनं काहीही फेकायचं नाही."

"ब्रेकचं काम आहे. त्यात हट्ट बरा नव्हे."

"हट्ट नाही. मला बघायचंय."

बायको चहा घेऊन मागच्या दारात आली ती नेमकी या वाक्याला. तिने ट्रे पायरीवर ठेवला आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"काय बघायचंय?"

"झीज," सर्व्हेअर तिच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता म्हणाला.

ती भावाकडे बघेल असं त्याला वाटलं होतं. तिने बघितलं नाही. कपाचा कान त्याच्या बाजूला वळवला, "निवेल," म्हणाली आणि आत गेली. हेच त्याला जास्त टोचलं. ज्याला काही लपवायचं नसतं तो निदान विचारतो, काय झालं म्हणून.

पुढच्या तासाभरात मेहुण्याने कॅलिपर उतरवला, पिस्टन बाहेर काढला, बारीक कागदाने घासला, ब्रेक ऑइलमध्ये बुडवून नवीन सील बसवलं. त्याचे हात झरझर चालत होते, पण चेहरा आंबट होता. बिनपगारी काम करायचं आणि वर चोरासारखी नजर झेलायची, एवढं त्या चेहऱ्यावर कुणालाही वाचता आलं असतं. सर्व्हेअरने जुनं सील, पिस्टनवरचं फाटलेलं रबरी टोपण, दोन्ही बाजूंचे पॅड फडक्यावर ओळीने मांडून ठेवले.

कॅलिपर परत बसला. आता नळीत शिरलेली हवा काढायची राहिली होती. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने खाली चाकाशी हवा सोडायचा निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे.

सर्व्हेअर उठायला गेला, पण त्याला खाली बसून बघायचं होतं. कुठून काय गळतंय, काय नाही. त्याने आत हाक मारली.

"अगं, जरा ये गं बाहेर. ब्रेक दाबायचाय."

बायको हात पुसत आली. मेहुणा पटकन म्हणाला, "दाजी, तुम्हीच बसा ना आत. ताईला कशाला?"

"बसू दे तिला. दाबायचं तर आहे."

ती दार उघडून चालकाच्या जागी बसली. सीट सर्व्हेअरच्या लांब पायांच्या मापाने मागे सारलेली होती. तिचा डावा हात सीटखाली गेला. तिथला दांडा अडकायचा, आधी थोडा बाहेर ओढून मग वर उचलावा लागायचा. सर्व्हेअरला स्वतःला ते अंगवळणी पडायला किती दिवस लागले होते. तिने खाली न बघता तो ओढला, उचलला, आणि सीट खटकन पुढे आली. मग गिअरचा दांडा तिने बोटांनी डावीउजवीकडे हलवून पाहिला. आणि मग, नुसता ब्रेक दाबायला बसलेल्या माणसाला ज्याचं काहीएक काम नसतं, तो आरसा तिने दोन बोटांनी जरासा खाली केला.

तेवढ्यात उघड्या दारातून तिला उकिडवा बसलेला, तिच्याकडेच बघणारा सर्व्हेअर दिसला असावा. तिचा हात तसाच थांबला.

"दाब," खालून मेहुणा म्हणाला. तिने दाबलं.

"धर. सोड. परत दाब."

बुडबुडे नळीतून बाटलीत गेले, थांबले. मेहुण्याने निपल आवळला. "आता जोरात. धरून ठेव."

सर्व्हेअर कॅलिपरकडे बघत होता. पिस्टनच्या कडेशी एक थेंब जमला, फुगला आणि फरशीवर पडला. मग दुसरा.

"गळतंय," मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजात 'सांगितलं होतं' असा सूर नव्हता. तो उभा राहिला, ताईकडे बघितलं, दाजींकडे बघितलं. "मी हात धुऊन येतो," म्हणाला आणि नळ आवारातच असताना घरात निघून गेला.

बायको पाय ब्रेकवर ठेवूनच बसली होती.

"सोड आता," सर्व्हेअर म्हणाला.

तिने पाय काढला. तो उठून तिच्या खिडकीशी आला.

"कुठे जातेस?"

"टेकडीवर. पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथून परत."

"उतारावर ब्रेकवरचा पाय उचलत नाहीस."

"भीती वाटते. शिकवताना तो ओरडतो मला, गिअर खाली घे म्हणून. पण वाटते भीती."

"मला सांगितलं असतंस तर मी शिकवलं नसतं?"

ती स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिली. मग म्हणाली, "आपण धाकट्या वन्संकडून येत होतो, आठवतं? तुम्हाला वाटलं मी झोपलेय."



"गाडी पुलावर एकदम कडेला गेली. कठड्याला आरसा घासला. समोरून ट्रक आला, त्याने हॉर्न दिला, तेव्हा तुम्ही स्टिअरिंग वळवलंत. मी विचारलं काय झालं, तर म्हणालात, खड्डा चुकवला."

"होता खड्डा."

"मी मागे वळून पाहिलं, अहो. स्वच्छ रस्ता होता."

आवारातल्या तारेवर वाळत घातलेली चादर वाऱ्याने फडफडली आणि शांत झाली. सर्व्हेअरने खिडकीच्या कडेवर हात टेकवला. त्या वेळी डोळ्यांपुढे जे पांढरं झालं होतं, ते पुढे एकदा ऑफिसच्या जिन्यातही झालं होतं. तेव्हा तो कठडा धरून उभा राहिला आणि शिपायाला म्हणाला, बुटाची नाडी सुटली.

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही मला परत नेऊन खड्डा दाखवला असतात."

त्याला हसू आलं. ते ओठांपर्यंत पोचलं नाही. एवढ्या वर्षांत त्याने किती माणसांच्या डोळ्यांत बघून खोटं ओळखलं होतं. त्याचं स्वतःचं खोटं मात्र या बाईने शेजारी बसून एका दमात ओळखलं, आणि जबाब घ्यायच्या ऐवजी जाऊन गाडी शिकली.

"अजून कधी झालं?" तिने विचारलं.

दावेदार करतात तेच त्याने केलं. आधी आकाशाकडे पाहिलं, मग बुटांकडे.

"एकदा," तो म्हणाला. "जिन्यात."

ती दार उघडून खाली उतरली. त्याच्या शर्टाच्या बाहीला लागलेलं ब्रेक ऑइल पदराने टिपू लागली. ते निघणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मेहुणा मागच्या दारात येऊन उभा राहिला. हात कोरडेच होते.

"नवीन आण," सर्व्हेअर त्याला म्हणाला. "दोन्ही बाजूंचे."

"डावीकडचा तर धडधाकट आहे, दाजी."

"असू दे. दोन्ही नवीन. चकत्याही."

"आणि हे सगळं?" मेहुण्याने फडक्यावर मांडलेल्या वस्तूंकडे बोट केलं.

"भंगारात टाक."

पुढच्या सुट्टीला काम पुरं झालं. एकही थेंब गळला नाही. त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी नवरा-बायको इस्पितळात निघाले; गाडी ती चालवत होती. सर्व्हेअरने पट्टा लावला, काच थोडी खाली केली, आणि बाहेरगावी जाताना जीपच्या चालकाला द्यायचा तशा सूचना द्यायला तोंड उघडलं. मग मिटलं. ती फाटकातून बाहेर पडली ती जरा झटका देऊनच, पण बाहेर पडली.

इस्पितळाच्या रस्त्याला पुढे उतार लागला. खाली वळणावर शाळेची बस थांबलेली होती. आपली गाडी वेग घेतेय असं सर्व्हेअरला वाटलं, आणि त्याचा उजवा पाय आपसूक पुढे जाऊन दाबला गेला, जोरात, जिथे त्याच्या बाजूला नुसती चटई होती. त्याच क्षणी तिने गिअर खाली घेतला. गाडी हुंकारली, हळू झाली आणि बसच्या मागे, चांगलं अंतर ठेवून, उभी राहिली.

तिने त्याच्या पायाकडे पाहिलं नाही. त्यानेही तो लगेच उचलला नाही.