साडेतीनचं रीडिंग

पुण्यानुमोदनाला आलेली माणसं जेवत होती आणि आई ताटासमोर नुसती बसली होती. बाबांना जाऊन आठवडा झाला होता. चहा-बिस्किटांपलीकडे तिच्या पोटात काही गेलं नव्हतं, कारण नागसेनकाका पहिल्याच दिवशी दारात म्हणाले होते, "सुयांनी घेतला माझा भाऊ." त्या सुयांना हो म्हणाली होती ती आईच.

आज काळेवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत, पंचवीस माणसांदेखत, त्यांनी पुन्हा तेच काढलं.

"ऑपरेशन झालेल्या माणसाला कोणी सुया टोचायला लावतं का, वहिनी? जखम ओली, त्यात ही भोकं!"

"काका, सुया मनगटाला आणि पायाला होत्या. टाक्यांजवळ एकही नव्हती," मी म्हटलं.

"तू शिकलेली. बोलशीलच."

बाबांच्या आतड्याची गाठ काढली होती. दुखण्यावरची गोळी घेतली की उलटी व्हायची आणि उलटी झाली की टाके ताणले जायचे. सर्जनना विचारूनच आम्ही सांगवीच्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्या डॉक्टरबाईंना घरी बोलावलं. बाबांचा त्यांना पहिला प्रश्न होता, "दुखणं मोजायचं कसं?" चाकणच्या कंपनीत एकवीस वर्षं ते क्वालिटीला होते. शून्य ते दहा, असं बाई म्हणाल्या. बाबांनी मला पट्टी आणायला लावली आणि पडल्यापडल्या चेकशीट आखली. वेळ, आधी, नंतर, शेरा, सही.

ती मी कपाटातून काढून आणली. काका त्याच कंपनीत सुपरवायझर होते. कागद बघून त्यांना हसू आलं.

"चेकशीट! पोरी, आयुष्य गेलं माझं यात. शिफ्ट सुटायच्या आधी दहा मिनिटं बसतात आणि सगळे रकाने भरून टाकतात. ओके, ओके, ओके."

दोघंतिघं हसले. कंपनीतलेच होते.

"बाबा भरायचे तसे?"

ऑडिटच्या आदल्या दिवशी न मोजलेल्या पार्टांची रीडिंगं लिहायला बाबांनी नकार दिला होता. त्यासाठी त्यांना वर्षभर डिस्पॅचला टाकलं. तो निरोप घेऊन काकाच आले होते.

मी मोठ्याने वाचायला लागले. "पहिलं सिटिंग. आधी आठ, नंतर सात. शेरा, विशेष नाही. दुसरं. आठ, सहा. मळमळ कमी. तिसरं. सात, सात. फरक नाही, बाईंना तोंडावर सांगितलं." मागून कोणीतरी पुन्हा हसलं, या वेळी बाबांच्या बाजूने. "चौथं. सात, चार. अर्धी भाकरी खाल्ली."

मी कागद खाली घेतला. "शेवटच्या सिटिंगनंतर अकरा दिवसांनी फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकून बाबा गेले. हॉस्पिटलने तसं लिहून दिलंय. सुयांनी बाबा बरे झाले असं मी म्हणत नाही. दुखणं कमी झालं तिथं कमी लिहिलंय, नाही झालं तिथं नाही लिहिलंय."

"आणि हे?" काकांनी कागदावर बोट ठेवलं. "पाचव्या सिटिंगला 'नंतर'चा रकाना रिकामा. साडेतीनचं रीडिंग कुठंय? वाढलं असेल, म्हणून लपवलं."

त्या दुपारी मी कामावर होते.

"झोपले होते," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"सुया काढायच्या आधीच डोळा लागला, सहा दिवसांत पहिल्यांदा. घोरत होते. मीच बाईंना म्हटलं, उठवू नका. संध्याकाळी जागे झाल्यावर म्हटलं, लिहा की, दोन लिहा, तीन लिहा. तर माझ्यावरच ओरडले. 'सरू, घेतलं नाही ते रीडिंग लिहायचं नाही.'"

काकांनी बोट उचललं.

"असं तोच बोलणार," ते पुटपुटले.

"मी हो म्हटलं होतं, भाऊजी," आई म्हणाली. "उद्या माझं ऑपरेशन झालं तरी हो म्हणेन. परत माझ्या दारात ते बोलायचं नाही."

तिने ताट पुढे ओढलं, भातात बोट घातलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"गार झालंय, आम्रपाली. वरण तापवून आण."