ताईने टाइप न केलेलं पान

मी एक जुना टाइपरायटर आहे. पण मित्रांनो, मला 'बिचारा' म्हणायचं काम नाही! माझी बटणं अजून बोटं दुखवतात आणि ओळ संपली की माझी घंटा शेजारच्या घरात ऐकू जाते.

कारखान्यात मला जुळवलं, तेल पाजलं आणि एका कचेरीत आणून बसवलं. तिथे ताई माझ्यावर काम करायची. साहेब कौतुक करायचे ते तिचं. माझ्या वाट्याला फडकं. पुढे संगणक आले आणि मी कपाटामागे धूळ खात पडलो. भंगारात जायचो, पण निवृत्त होताना ताई मला घरी घेऊन आली.

घरात तिचा धाकटा भाऊ. वय पन्नाशीचं, राग शेंबड्या पोराचा. भाजीत मीठ कमी पडलं तरी स्वारी दार लावून बसायची. मग ताई ताट घेऊन दाराशी, "चल ना रे, दोन घास खा." आई होती तेव्हा आई उभी राहायची. त्या घराची रीतच ती.

हा भाऊ कादंबरी लिहायला लागला. तो हाताने लिहायचा, ताई टाइप करायची. कादंबरी सांगणारा माणूसही चांगला घोडा झालेला आणि पानोपानी रुसलेला. बायकोने समजून घेतलं नाही, मित्रांनी विचारलं नाही. याची चूक म्हणून कधीच नाही! माझं डोकं फिरायचं. पण ताईचा कचेरीतला नियम पक्का होता : लिहिलंय तसं उतरवायचं, आपलं मत द्यायचं नाही. तो नियम तिने घरात आणला, हेच चुकलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग शेवटचं प्रकरण आलं. आई गेली तेव्हा एकटी होती, कारण बहीण कचेरीतून आलीच नाही, असं त्यात लिहिलं होतं. ताईची बोटं थांबली. खरं तर आई गेली तेव्हा तिचं डोकं ताईच्याच मांडीवर होतं. हाच पठ्ठ्या त्या दिवशी रुसून मित्राकडे जाऊन बसला होता. पुस्तक छापलं असतं, तर ओळखीपाळखीच्यांनी तेच खरं धरलं असतं.

"हे मी टाइप करणार नाही," ताई म्हणाली.

"अगं, ते पात्र बोलतंय. मी नाही!"

"मग पात्राला आधी मोठा कर."

भावाने दार आपटलं. ताई एकटीच जेवायला बसली आणि पोटभर जेवली. दाराशी गेली नाही. शाब्बास, ताई! मला हात असते तर टाळ्या पिटल्या असत्या.

दुपार टळल्यावर स्वारी बाहेर आली. गारढोण जेवण स्वतः वाढून घेतलं आणि तणतणत माझ्यासमोर बसली. "माझं मी करीन!"

दोन बोटांनी बडवणाऱ्याला मी काय दाद देतोय! अक्षर शोधायचं, दाबायचं, चुकायचं. 'आई एकटी होती' एवढं उमटलं आणि तो थांबला. या खेपेला मी अडवलं नव्हतं.

"ताई," त्याने मान न वळवता विचारलं, "आईने माझं नाव घेतलं होतं का गं?"

हे त्याने आजवर कधी विचारलंच नव्हतं.

"घेतलं. दाराकडे बघत होती."

तो हमसून हमसून रडला. ताईचेही डोळे भरले, पण ती उठली नाही.

"रड," ती म्हणाली. "आणि मग खरं लिही."

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, जपा. तो माझा हक्क आहे आणि मी तो ठणकावून मागणार. पण आपल्या माणसांवर खोटं लिहायला माझ्यासमोर बसू नका. बसलात, तर एक अक्षर उमटवून दाखवाच!