किल्लीवालीचा नववा ड्राफ्ट

पटकथा मंडळ दर गुरुवारी दुपारी तीनला एका ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात भरायचं. त्या वेळेला तिथे गाडी शिकायला कुणी येत नसे, त्यामुळे भाडं लागत नसे. भिंतीभर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते होते. शिकाऊंसाठी एक खुर्ची होती, स्टिअरिंग, गिअर आणि तीन पेडल जोडलेली. त्या खुर्चीत मंडळाचे प्रमुख बसायचे. एखादा सीन आवडला नाही की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

प्रमुखांनी आयुष्यात एक चित्रपट पुरा लिहिला होता आणि एक अर्धा. पुरा होता तो चार दिवसांत थिएटरवरून उतरला, अर्धा होता तो निर्मात्याच्या कपाटात राहिला. म्हणून पाठीमागे सगळे त्यांना दीडसर म्हणत. तोंडावर अर्थातच सर.

बाकी दोघंच नियमाने येत. एक दाताचे डॉक्टर, ज्यांना कुठल्याही गोष्टीत तिसऱ्या पानापर्यंत मुडदा पडलेला लागे. दुसरी जाहिराती लिहिणारी बाई. ती डोळे मिटून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "छान आहे, पण मला आत काही हललं नाही." आत काय हलायला हवं होतं, ते तिने कधी सांगितलं नाही.

आणि तिसरी ती. आठ आठवडे न चुकता येत होती, तरी तिचं नाव 'नव्या बाई' पडलं होतं ते पडलंच.

मंडळाची पद्धत कडक होती. वाचणाऱ्याने वीस मिनिटं वाचायचं. मग सर स्वयंपाकघरातला टायमर चाळीस मिनिटांवर लावत, आणि तो वाजेपर्यंत वाचणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. नुसतं ऐकायचं आणि सूचनावहीत एकेक सूचना उतरवायची. पुढच्या वेळी ज्याची सूचना अमलात आली असेल, त्याने वहीत तिच्यासमोर बरोबरची खूण करायची. सगळ्या सूचनांवर खुणा झाल्या, की सर अर्जावर सही देत.

ती सही तिला हवी होती. नव्या लेखकांच्या पटकथा वर्षातून एकदाच मागवणारी एक संस्था होती. तिच्या अर्जावर कुठल्यातरी लेखक मंडळाच्या प्रमुखाची शिफारस लागे, आणि मुदत उद्याच संपत होती. एक तारखेपासून ती चष्म्याच्या दुकानात परत रुजू होणार होती, सकाळी दहा ते रात्री आठ. म्हणजे मुलीच्या दुपारच्या झोपेत मिळणारा दीड तासही गेला. यंदा नाही तर मग कधी, हे ती स्वतःला विचारत नव्हती, कारण उत्तर माहीत होतं.

तिची गोष्ट साधी होती. एक किल्लीवाली. छोट्या टपरीत बसून डुप्लिकेट किल्ल्या बनवते. सख्ख्या बहिणीशी पाच वर्षं अबोला. एक दिवस घरांचा दलाल एक किल्ली घेऊन येतो, 'दोन बनवून द्या' म्हणतो, आणि ती दात्यांवरून ओळखते की ही बहिणीच्या घराची. म्हणजे बहीण घर विकून चालली. त्या घराची एक किल्ली हिच्याकडे अजून आहे. संध्याकाळी ती तिथे जाते, किल्ली मुठीत असते, तरी बेल वाजवते. बहीण लगेच दार उघडते. संपलं.

पहिल्या गुरुवारी तिने हे वाचलं, तेव्हा डॉक्टरांना डुलकी लागली होती. सरांनी तीनदा ब्रेक दाबला होता. "बाई, यात होतं काय?" असं त्यांनी विचारलं, आणि तिला बोलायची परवानगी नव्हती.

मग सूचना सुरू झाल्या. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये बहीण मेली. चौथ्यात तिचा खून झाला. पाचव्यात तिला जुळी बहीण निघाली, सातव्यात कुत्रा आला. आठव्या ड्राफ्टपर्यंत वहीत एकावन्न सूचना झाल्या आणि अठ्ठेचाळीस खुणा. उरल्या तीन. मुडदा आणखी आधी, दुसऱ्या पानावर हवा, डॉक्टर म्हणाले. कुत्र्याला काहीतरी काम द्या, जाहिरातवाली म्हणाली. आणि शेवटी स्फोट हवा, सर म्हणाले. नवव्या ड्राफ्टमध्ये तिने तिन्ही घातलं. मुलीला ताप होता, मांडीवर तिला थोपटत एका हाताने तिने किल्लीवालीची टपरी उडवून दिली. उडवताना तिला किल्लीवालीची माफी मागावीशी वाटली.

आज निघताना नेमकी मुलगी उठली आणि गळ्यात पडली. सासूबाईंनी तिला ओढून घेतलं. "तू जा. कागद घातलेत मी पिशवीत. उशीर झाला तर ते सर पुन्हा ब्रेक दाबतील."

वर्गात पिशवीतून कागद काढले आणि पहिल्या पानाच्या मागे तिला निळं मांजर दिसलं. मुलीने काढलेलं पहिलं मांजर, पाच पायांचं. हा नववा ड्राफ्ट नव्हता. हा पहिला होता. मुडदा नाही, कुत्रा नाही, स्फोट नाही, टपरी जागच्या जागी.

"चला, नव्या बाई," सर स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले. "वीस मिनिटं."

घरी जाऊन यायला तास लागला असता. तिने वाचायला सुरुवात केली. आवाज सुरुवातीला कापत होता, मग कापायचा थांबला. आठ आठवड्यांनी ती किल्लीवाली तिला परत भेटत होती, आणि रागावलेली दिसत नव्हती.

वाचून झालं. कुणी ब्रेक दाबला नव्हता.

"सर, एक सांगायचं होतं, हा ड्राफ्ट..."

सरांनी बोट वर केलं आणि टायमर फिरवला. "नियम."

तिने तोंड मिटलं.

"वा," डॉक्टर म्हणाले. "मुडदा काढून टाकलात."

तिने मान खाली घातली.

"हेच तर मी आठ आठवडे सांगतोय. दाखवू नका, जाणवू द्या. पाच वर्षं बोलत नाही ती बहीण म्हणजे मेल्यातच जमा. आणि हे कळतं कुठे? बरोबर दुसऱ्या पानावर." त्यांनी वही ओढली आणि खूण केली.

जाहिरातवालीने डोळे उघडले. "मला हललं," ती म्हणाली. "कुत्र्याचं काम तिने कुलपाला दिलंय. राखण. कुत्रा न दाखवता कुत्रा. मी अगदी हेच म्हणत होते."

"तुम्ही कुत्रा म्हणाला होता," डॉक्टर म्हणाले.

"कुत्रा म्हणजे कुत्रा नसतो हो, डॉक्टर. दात म्हणजे दात असेल तुमच्याकडे." आणि तिनेही खूण केली.

आता सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी खुर्चीतल्या खुर्चीत गिअर बदलला.

"बेल," ते म्हणाले. "ती बेल वाजवते. हाच स्फोट. आवाज नसलेला. हे असं लिहायला धाडस लागतं, आणि धाडस करायला कुणीतरी भाग पाडणारं लागतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पहिल्या गुरुवारी काय आणलं होतं बाईंनी, आठवतंय ना?"

"नका काढू," डॉक्टर म्हणाले.

"पोरकट होतं अगदी," जाहिरातवाली म्हणाली. "पण सुरुवात होती बिचारीची."

"दगड होता, दगड. आपण तिघांनी घडवला." सरांनी शेवटची खूण केली, अर्ज पुढे ओढला आणि सही ठोकली. शिफारशीच्या खाली 'मार्गदर्शन' असा एक रकाना होता, तो त्यांनी स्वतःच भरला. डॉक्टर म्हणाले, जागा आहे अजून. मग त्यांचं नाव आलं. जाहिरातवालीचं समासात बसलं. कुणाचं आधी यावं, यावर चांगली पंधरा मिनिटं गेली. तेवढ्यात टायमर वाजला.

"हं, बोला आता," सर म्हणाले. "काय सांगायचं होतं?"

तिने अर्जाची घडी करून सूचनावहीत ठेवली आणि वही पिशवीत घातली. पिशवी खांद्याला लावली.

"आभारच मानायचे होते, सर."

घरी आली तेव्हा मुलगी पाटावर बसून कणकेचे साप करत होती, ताप उतरला होता. सासूबाई पोळ्या लाटत होत्या.

"आई, पिशवीत कुठले कागद घातले होतेत?"

"मांजराचे."

"ते आजचे नव्हते."

"ठाऊक आहे मला." लाटणं थांबलं नाही. "नऊच्या नऊ वाचलेत मी. ही झोपते तेव्हा तू लिहितेस, तू बाहेर असतेस तेव्हा मी वाचते. दुसरं काय करू, भिंती मोजू? एकात बहीण मारलीस, एकात जुळी काढलीस, परवा तर टपरीच उडवलीस. त्या बिचारीला साधी बेल वाजवायला कुणी वेळच देईना. म्हटलं, एकदा वाजवू दे."

"आणि सही मिळाली नसती तर?"

"तर माझ्यावर चिडली असतीस. सवय आहे मला." मग पोळी तव्यावर टाकत, "मिळाली?"

"मिळाली."

"त्यांना कळलं नाही?"

"प्रत्येकाला आपापलं तेवढं ऐकू आलं."

सासूबाईंनी तव्यावरची पोळी उलटली. "एक सांगू का?"

या तीन शब्दांनी मंडळात आजवर एका बहिणीचा जीव घेतला होता, एक जुळी जन्माला घातली होती आणि एक कुत्रा पोसला होता. पण सवय झाली होती. तिने तोंड मिटलं.

"ती बेल वाजवते आणि बहीण लगेच दार उघडते. एवढ्या लगेच नको उघडू देऊस. पाच वर्षांनी वाजली तरी ती बेल कुणाची ते कळतं. ती आधी आत जाईल. तोंडावर पाणी मारेल, केस सारखे करेल. बाहेरचीला वाटेल, आता उघडतच नाही. आणि मग उघडू दे."

एवढं बोलून त्या पिठात हात घालून उभ्या राहिल्या. सासूबाईंना एक धाकटी बहीण आहे, हे तिला लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीवरून कळलं होतं. त्या बहिणीला या घराचं दार वाजवताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

तिने कागद काढले. शेवटच्या पानावर पेनने चार ओळी घातल्या: नळाचा आवाज. कंगवा. बाहेर मुठीतली किल्ली. मग दार. मग सूचनावही उघडली, एकावन्न खुणांच्या खाली बावन्नावी सूचना लिहिली आणि वही पुढे धरली.

"इथे बरोबरची खूण करा."

"कसली गं?"

"तुमचं ऐकलं म्हणून. आमच्यात पद्धत आहे."

सासूबाईंनी पिठाच्या बोटांनी पेन धरलं आणि जपून खूण केली. वहीवर पीठ सांडलं, ते फुंकून उडवलं. मग म्हणाल्या, "पण तो कुत्रा बरा होता हं, त्याला जर..."

"आई."

"बरं बाई. म्हटलं आपलं."