डाव्या खांद्याचा दस्ता

हवालदारांनी मुद्देमालाच्या खोलीतून बंदूक आणून टेबलावर ठेवली, तेव्हा वहिनींनी आधी पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि मग हवालदारांकडे रागाने पाहिलं. नेमबाजी मंडळात सगळेच त्यांना वहिनी म्हणत. त्यांचे धाकटे दीरही तिथलेच सभासद, त्यांची हाक सगळ्यांच्या तोंडी बसली होती.

घोळ घातला होता तो याच दिरांनी. कुंपणावरून दोन घरांत धुसफुस चालली होती. त्यात एकदा वहिनी अंगणात बंदुकीची नळी साफ करून उजेडाकडे धरून आतून बघत होत्या. तेवढ्यावर भाऊजींनी तक्रार ठोकली की वहिनींनी माझ्यावर नेम धरला. पोलिसांनी दोघांच्याही बंदुका उचलल्या. भाऊजींनी ओळखीपाळखी काढून आपली लगेच सोडवली. वहिनींना मात्र तक्रार खोटी ठरेपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. आज निकाल हातात होता आणि उद्या स्पर्धा होती.

"नळीवरचा नंबर जुळतोय. करा सही," हवालदार म्हणाले.

वहिनी डावखुऱ्या. त्यांनी बंदूक डाव्या खांद्याला लावली, गाल टेकवला आणि लगेच खाली उतरवली.

"नळी माझी आहे. खांद्याला टेकवायचा हा लाकडी दस्ता माझा नाही."

"बंदूक ती बंदूक, बाई."

"माझा दस्ता आमच्या ह्यांनी घडवला होता. डाव्या खांद्याला बसेल असा वळवून. हा उजव्याचा आहे."

ते सुतार होते. आजारपणात त्यांनी हातात घेतलेलं शेवटचं काम तेच. बंदूक दुसरी मिळाली असती, तो दस्ता कुठून मिळणार होता?

हवालदार डोकं खाजवू लागले. जप्तीच्या बंदुका उघडून नळ्या एका फळीवर आणि दस्ते दुसऱ्या फळीवर ठेवायची ठाण्याची रीत असल्याचं त्यांनी कबूल केलं. शिवाय वहिनींची आणि भाऊजींची बंदूक म्हणजे सासऱ्यांनी दोन मुलांसाठी घेतलेली एकसारखी जोडी, कुठलाही दस्ता कुठल्याही नळीला बसणारा.

हे ऐकलं आणि वहिनी खुदकन हसल्या. बंदूक सोडवून आणल्यापासून भाऊजींचा एक नेम धड लागत नव्हता. त्यांनी दोनदा चष्मा बदलला होता आणि डॉक्टरला शिव्या घातल्या होत्या.

"उद्या मैदानावर या," त्या म्हणाल्या. "दस्ता सापडला."

दुसऱ्या दिवशी हवालदार आले. भाऊजी नेम धरत होते आणि नेमासाठी हवेत सोडलेल्या मातीच्या थाळ्या त्यांच्या डोक्यावरून सुखरूप उडून जात होत्या.

"भाऊजी, डोळे ठीक आहेत तुमचे," वहिनी म्हणाल्या. "नाचता येईना अंगण वाकडं, असंही नाही. इथे अंगणच माझं आहे."

हवालदारांनी सगळ्यांदेखत दोन्ही दस्ते काढले आणि ज्याचे त्याला बसवून दिले. भाऊजींना मान वर करवेना.

वहिनींनी बंदूक खांद्याला लावली. लाकूड गालाला ओळखीचं लागलं, डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं आणि थाळी मागितली. पहिली फुटली, दुसरी फुटली. फेरी संपली तेव्हा एकही थाळी अख्खी उतरली नव्हती.

टाळ्या ओसरल्यावर त्या दिरांकडे वळल्या. "आता चारचौघांत सांगा. मी तुमच्यावर नेम धरला असता, तर तुम्ही तक्रार द्यायला पोचला असता का?"

भाऊजींनी चष्मा काढला. "नाही, वहिनी," ते म्हणाले.