टोपणनावाचा घोळ

“आणखी एक मीटिंग चुकली, तर ऑफिसचंच सॉफ्टवेअर घ्यायचं. हट्ट पुरे!” साहेबांनी बजावलं.

प्रयोगशाळेतली खटपटी मुलगी हटणारी नव्हती. ज्याच्या आत डोकावता येत नाही, ते तिला नको होतं. तिच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ऑफिसची मेल नीट यायची. कॅलेंडर मात्र प्रत्येक मीटिंग साडेपाच तास उशिरा दाखवायचं. तिने आमंत्रणाची फाईल उघडून ओळ न ओळ वाचली. ऑफिसच्या सर्व्हरने इथल्या प्रमाणवेळेला स्वतःचंच टोपणनाव ठेवलं होतं. तिच्या प्रोग्रामला ते ओळखू येत नव्हतं, म्हणून तो दुसऱ्याच देशाची वेळ धरून चालायचा.

“नावावरूनच अडलं होय!” म्हणत तिने आपल्या प्रोग्राममध्ये टोपणनावाची खऱ्या नावाशी जोडी लावून दिली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, तेव्हा ती मीटिंगच्या खोलीत बसलेली होती.

“आज लवकर?”

“नाही साहेब, वेळेवर.”