डाव्या हाताची घरं

पोस्टमनच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. महिन्यापूर्वी तो सायकलवरून डोक्यावर आपटला, आणि टाके निघाल्यापासून त्याच्या अंगात म्हणे सिद्धी आली होती.

"डोळे मीट!" गल्लीतल्या आश्रमाचे बुवा गरजले. "मनानेच पोस्टाच्या दारात उभा राहा. गल्लीतली घरं सांग."

पोस्टमन घडाघडा सांगू लागला. शिंपी, घड्याळवाला, बुवांचा आश्रम, शाळा. वीस वर्षं टपाल वाटलेल्या गल्लीतली उजव्या हाताची सगळी घरं आली, डाव्या हाताचं एकही नाही.

"जी गळली, त्यांच्यावर काळाची सावली आहे!" बुवा म्हणाले. डावीकडचा बेकरीवाला बुवांच्या मंतरलेल्या दोऱ्यासाठी धडपडत पुढे आला. सावली नेमकी आश्रमाची बाजू सोडून कशी पडते, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

पोस्टमनची थोरली बहीण नर्स होती. ती दारात धुमसत उभी होती. डॉक्टरांनी भावाला व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा बोलावलं होतं. पण उपचारांनी सिद्धी जाते म्हणून बुवांनी त्याला एकदाही जाऊ दिलं नव्हतं. सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता.

शेवटी ती गर्दीत घुसली. "अरे, डोळे मिटून मनानेच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जा. पोस्टाकडे तोंड कर. आता सांग."

"बेकरी," तो म्हणाला. "सलून, गिरणी, सायकलवाला... आलं पोस्ट."

"आणि आश्रम?"

"आश्रम?" तो गोंधळला. "दिसत नाही गं, ताई."

"आज शक्ती रुसली आहे," बुवा पुटपुटले.

"शक्ती नाही, जखम आहे ती!" बहीण कडाडली. "मेंदूला उजवीकडे मार बसलाय. डोळे धड आहेत, पण मनातल्या चित्राची डावी बाजू त्याला सापडत नाही. तो फिरला की डावी बाजूही फिरते. बुवा त्याला रोज पोस्टाच्याच दारात का उभं करतात, ते विचारा की!"

पण घड्याळवाला रडकुंडीला येऊन म्हणाला, "म्हणजे आता आमच्यावरही सावली?" आणि उजवीकडचेही दोऱ्यासाठी रेटारेटी करू लागले. तिने कपाळावर हात मारला.

पोस्टमनने तिची बाही ओढली. "ताई, मघाशी माझ्याकडून बेकरी राहिली?"

"हो रे. अख्खी बाजू राहिली."

"रोज टपाल दिलंय तिथे मी. सगळे हात जोडत राहिले. चुकलास, असं कुणी म्हणालंच नाही. मला दवाखान्यात ने."

एवढ्या गर्दीत प्रश्न पडला तो एकट्या पोस्टमनलाच, आणि डोक्याला मार बसला होता तोही त्यालाच. ज्यांची डोकी धड आहेत, त्यांनी हात जोडण्याआधी निदान एक प्रश्न तरी विचारावा.