डोळे उघडे ठेवून पुन्हा प्रयत्न करा

बाबांच्या पापण्यांचं ऑपरेशन विमा कंपनीने मंजूर केलं. अभिनंदनाचा मेसेज आला, मंजुरी क्रमांक आला, आईने शेजारच्या शिंप्यालासुद्धा सांगून टाकलं. मग त्याच दुपारी दुसरा मेसेज आला: 'यापूर्वीचा संदेश आपणास मिळालेला नाही असे समजावे.' आम्ही नियमाने चालणारी माणसं. त्यामुळे तो मेसेज आला नाही, शिंप्याला कोणी काही बोललं नाही आणि हा परिच्छेदही मी लिहिलेला नाही.

तर, बाबांच्या पापण्या.

बाबा फोटोग्राफर. चौकातल्या कोपऱ्यावर आमचा स्टुडिओ: पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्यामागे एक स्टूल, छत्र्या लावलेले दिवे आणि पांढरी भिंत. बाबा फोटो काढतात, आई कॉम्प्युटरवर रिटच करते आणि मी उरलेलं सगळं करते, म्हणजे गिऱ्हाइकांना "तुम्ही असेच दिसता" हे गोड शब्दांत सांगते. मुख्य धंदा पासपोर्ट फोटोंचा. "हनुवटी खाली, खांदे सरळ, डोळे उघडे" हे बाबा जन्मभर इतकं म्हणालेत की झोपेतही म्हणतात, आणि आई झोपेतच हनुवटी खाली घेते.

गेल्या वर्षी त्यांच्याच पापण्या खाली यायला लागल्या. आधी डावी, मग तिला सोबत म्हणून उजवी. समोरचं दिसावं म्हणून बाबा मान मागे टाकून, नाक आभाळात ठेवून चालायला लागले. फोटोग्राफरला शिंगं फुटलीत, असं गल्लीत सगळीकडे झालं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "डोळा ठणठणीत आहे हो. पापणी उचलणारा स्नायू सैल पडलाय, म्हणून ती बाहुलीवर येऊन बसते. कॅमेरा चांगला, शटर अर्धं पडलेलं. स्नायू आवळायचा, झालं."

ते लवकर व्हायला हवं होतं, कारण शाळेचा फोटो. शाळेचा वार्षिक फोटो म्हणजे आमच्या दुकानाचं वर्षाचं पोट. गेल्या खेपेला बाबांना वरचं काही दिसलंच नाही, आणि मागच्या रांगेतल्या उंच मुलांची डोकी फोटोबाहेर राहिली. मुख्याध्यापिकाबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "या वर्षी सगळी मुलं गळ्याच्या वरसुद्धा हवीत. नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघू."

कंपनीकडे अर्ज गेला. उत्तर आलं: 'नामंजूर. कारण: सौंदर्यवर्धन.'

बाबांनी मान मागे टाकून ते पुन्हा पुन्हा वाचलं. "माझं सौंदर्य? या वयात वाढवून ठेवायचं कुठे?"

"मी तर कधीच फसले," आई म्हणाली. "आता कोणासाठी वाढवताय?"

मी कंपनीला फोन लावला. आधी बरंच संगीत ऐकलं. मग एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पापणी खाली आहे हे दिसणारा फोटो पाठवा. समोरून."

घरात फोटोग्राफर असताना फोटो मागितला म्हणजे आपण जिंकलोच, असं आम्हाला वाटलं. बाबा आयुष्यात पहिल्यांदा स्वतः स्टुलावर बसले. मी बटण दाबलं. फोटो आईच्या कॉम्प्युटरवर गेला, तिथून कंपनीकडे. उत्तर आलं: 'छायाचित्रात अर्जदाराचे दोन्ही डोळे पूर्ण उघडे असून नजर तेजस्वी आहे. नामंजूर.'

आम्ही पाठवलेला फोटो उघडून बघितला. बाबा आमच्याकडे टक्क बघत होते.

आमच्या दुकानाचा नियम आहे, मिटल्या डोळ्यांनी कोणी बाहेर जात नाही. आईकडे कॉम्प्युटरवर उघड्या डोळ्यांचा साठा आहे. ऐन वेळी कोणी डोळे मिटले की ती त्यातली एक जोडी लावून देते. एकदा झोपलेल्या तान्ह्या बाळाला तिने त्याच्या आजोबांचे डोळे लावले होते. आजोबांवर गेलंय, म्हणून घरचे खूश.

"अगं, तू माझे डोळे उघडलेस?" बाबांनी विचारलं.

"ढीगभर फोटो पडले होते. हात आपोआप चालतो. मला वाटलं गिऱ्हाईक आहे."

"इतक्या वर्षांचा नवरा तुला ओळखू आला नाही?"

"अहो, नाक वर करून हिंडता. गेल्या वर्षभरात तुम्हाला समोरून बघितलंय कोणी?"

"आणि हे डोळे कोणाचे?"

आईने चष्मा लावून नीट बघितलं. "शिंप्याचे असावेत."

दुसरा फोटो काढला. या वेळी आईला कॉम्प्युटरपासून लांब, भाजी निवडायला बसवलं. फोटो अगदी खरा आला: दोन भुवया, त्यांच्याखाली दोन पडदे. मी तो कंपनीच्या वेबसाइटवर चढवायला घेतला, तर तिथे लाल अक्षरं आली: 'डोळे उघडे ठेवून पुन्हा प्रयत्न करा.'

मी पुन्हा प्रयत्न केला. वेबसाइटनेही केला.

पुन्हा फोन, पुन्हा तेच संगीत. एव्हाना बाबा त्यावर मान डोलवायला लागले होते.

"मॅडम, डोळे उघडे दिसल्याशिवाय सिस्टिम फोटो घेत नाही," मुलगी म्हणाली.

"डोळे उघडत नाहीत, हेच तर दाखवायचंय."

"बरोबर आहे मॅडम. पण ते डोळे उघडे ठेवून दाखवा."

"तुमच्याकडे एखादा माणूस नाही का, जो फोटो नुसता डोळ्यांनी बघेल?"

"आहेत ना, मॅडम. पण त्यांच्यापर्यंत सिस्टिममधूनच जावं लागतं." मग तिचा आवाज खाली आला. "एक करा ना, ताई. पापण्यांना चिकटपट्टी लावा. फोटो एकदा आत जाऊ दे."

ताई म्हणाली म्हणून मी विरघळले. बाबांच्या पापण्या उचलून कपाळाला चिकटवल्या. आरशात बघून बाबा म्हणाले, "एवढं आश्चर्य मला लग्नातही वाटलं नव्हतं." फोटो एका फटक्यात आत गेला. सिस्टिमला उघडे डोळे दिसले, ती खूश झाली आणि तिने ऑपरेशन मंजूर केलं. हाच तो मेसेज, जो आम्हाला मिळालेला नाही.

त्याच दुपारी कंपनीच्या वैद्यकीय मंडळातल्या डॉक्टरांनी फोटो प्रत्यक्ष बघितला. त्यांचं मत आलं: 'अर्जदाराची अडचण चिकटपट्टीने दूर होत असल्याने शस्त्रक्रिया अनावश्यक. चिकटपट्टीचा खर्च योजनेत बसत नाही.'

बाबांनी कॅमेऱ्याची काच पुसली. मग पुन्हा पुसली. पुसून झालेली काच ते पुसतच राहिले.

आणि शाळेचा दिवस आला. मैदानात ऊन. पोरं रांगांत उभी, मधोमध शिक्षक, कडेच्या खुर्चीवर मुख्याध्यापिकाबाई. घामाने बाबांची चिकटपट्टी सुटून भुवयांवर लोंबायला लागली. दुसरी लावली, तीही सुटली. शेवटी मी त्यांच्या मागे उभी राहिले, दोन्ही हात त्यांच्या डोक्यावरून पुढे नेले आणि दोन बोटांनी दोन पापण्या वर धरल्या.

"दिसतंय?"

"सगळं दिसतंय. मागची रांगसुद्धा!" बाबांचा आवाज इतका हलका झाला होता की मला बोटं कायमची तिथेच ठेवावीशी वाटली.

पण धरलेली पापणी मिटत नाही. बाबांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पोरं खिदळायला लागली. मुख्याध्यापिकाबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "अहो, इतकं हळवं होऊ नका. दर वर्षीच काढता ना फोटो!"

"हनुवटी खाली," बाबा रडत रडत म्हणाले, "खांदे सरळ, डोळे उघडे," आणि त्यांनी बटण दाबलं.

फोटोत एकूण एक डोकं आलं. पाणावलेल्या डोळ्यांना कड तेवढी दिसली नव्हती. त्यामुळे मुख्याध्यापिकाबाई अर्ध्याच आल्या. आई म्हणाली, उरलेल्या अर्ध्या मी जोडून देते. तिने जोडून दिल्याही. पण बाईंनी तो फोटो हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि पुढच्या वर्षी दुसरा माणूस येईल असं सांगितलं. डावीकडची अर्धी बाई मी नाही, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बाबा स्टुलावर बसले, नाक वर, डोळे मिटल्यासारखे. मला म्हणाले, "लिही. शुद्ध लिही, बाळा. आणि तुझ्या आईला दुरुस्त करू देऊ नकोस."

मी लिहिलं:

'मा. दावा अधिकारी यांस,

विषय: समूह छायाचित्रासाठी उपस्थित राहणेबाबत.

महोदय, आमचा अर्ज नाकारणाऱ्या वैद्यकीय मंडळाच्या सर्व सदस्यांनी आपल्या सोयीच्या दिवशी आमच्या स्टुडिओत उपस्थित राहावे. छायाचित्र अर्जदार स्वतः, चिकटपट्टीशिवाय आणि मुलीच्या बोटांशिवाय काढतील. उंच सदस्यांनी मागील रांगेत उभे राहावे. निघेल ते छायाचित्र कोणतीही दुरुस्ती न करता आपल्या मुख्य कार्यालयाच्या दर्शनी भागात कायमस्वरूपी लावण्यात यावे. ज्या सदस्यांची डोकी त्यात येणार नाहीत, त्यांनी आपली तक्रार 'सौंदर्यवर्धन' या सदराखाली नोंदवावी, ही नम्र विनंती.'